फळ्याच्या कोपऱ्यातली तारीख

१६ सप्टेंबर

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रास्ताविका, सुविचार आणि मग दिनविशेष. आमच्या जिल्हा परिषद शाळेचा परिपाठ असा चालतो. दिनविशेषात चार जन्म, दोन पुण्यतिथ्या, एखादा जागतिक दिवस एका दमात वाचून होतो आणि रांगा वर्गाकडे वळतात. यंदा पाचवी ते सातवीच्या मुलांशी ठरवले आहे, की दिवसाला एकच घटना घ्यायची आणि तिच्यावर एकच प्रश्न. उत्तर हिशेब करून, मोजून किंवा घरी विचारून आणायचे. उद्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहिला आहे: देश स्वतंत्र झाल्यावर आपले गाव आणखी किती दिवस निजामाच्या राज्यात होते?

१७ सप्टेंबर

झेंडावंदन झाले, खाऊ वाटला, पण मुले घरी जाईनात. काहींचे उत्तर ३९८ होते, काहींचे ३९९. सहावीतली एक मुलगी फळ्यापाशी गेली आणि तिने १९४८ ला चारने भागून दाखवले. लीप वर्ष! फेब्रुवारीत २९ दिवस होते. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ३९९ दिवस. आकडा हाती आल्यावर पुढचे प्रश्न मुलांनीच विचारले. त्या दिवसांत इथे काय चालले होते? मग रझाकारांचा विषय निघाला, स्वामी रामानंद तीर्थांचा निघाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला, हे सांगितले. एकाने विचारले, ‘‘मॅडम, आपल्याहून उशिरा कोणी सुटलं का?’’ गोवा, १९ डिसेंबर १९६१. ती तारीख मुलांनी आपणहून वहीत टिपून ठेवली.

३० सप्टेंबर

१९९३ च्या या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. हजारो माणसे गेली. आमच्या भागात ही तारीख कोणाला शिकवावी लागत नाही. पण इतकी माणसे का गेली, हे मुलांना ठाऊक नव्हते, म्हणून तोच प्रश्न ठेवला.

एका मुलाचे आजोबा शाळेत आले. ‘‘आबा, बसून सांगा,’’ म्हटले, तरी ते उभ्यानेच बोलले. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचा जाड थर म्हणजे माळवद. उन्हाळ्यात गार, पण हादरा बसताच भिंतीतले दगड सुटले आणि माळवदाचे सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. दुपारी मुलांना घेऊन गावातला एक पडका वाडा पाहिला. टेपने भिंत मोजली, अडीच फूट भरली. बाहेरचे आणि आतले दगड वेगवेगळे रचलेले, मधे नुसती माती आणि बारके दगड. दोन्ही बाजूंना बांधून धरणारा लांब दगड कुठेच नाही. मग शाळेच्या भिंतीत खिडक्यांच्या वरून सलग गेलेला काँक्रीटचा पट्टा दाखवला. हा पट्टा चारही भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. रोज त्याच्याखाली बसणारी मुले आज प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहत होती.

७ नोव्हेंबर

१९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. नऊ वर्षांचा मुलगा. रजिस्टरात नाव भिवा रामजी आंबेडकर. राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भाषणांऐवजी मुख्याध्यापकांच्या परवानगीने आमचेच जुने दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर ठेवले. कडा झिजलेल्या, शाई तपकिरी पडलेली. मुले एकेक पान जपून उलटत होती. कोणाला आजोबा सापडले, कोणाला चुलत आजोबा.

मग एकाच्या लक्षात आले, ‘‘मॅडम, ह्या समद्यांचा वाढदिवस एक जूनलाच कसा काय?’’ पानेच्या पाने १ जून! जन्माची नोंद नसली की गुरुजी वयाच्या अंदाजाने साल धरत आणि शाळेला सोयीची तारीख घालत. घरचे सांगत, पोर दुष्काळाच्या आधीचे की नंतरचे, पेरणीतले की सुगीतले. जन्मतारीख माहीत असणे हा एक हक्क आहे, हे मुलांना त्या पानांनी समजावले. आज त्यांचे जन्मदाखले घरच्या पेटीत आहेत, म्हणूनच कोणी त्यांचे वय मनाला येईल तसे लिहू शकत नाही.

२६ नोव्हेंबर

संविधान दिन. प्रश्न: १९४९ मध्ये स्वीकारलेले संविधान पूर्णपणे लागू व्हायला पुढची २६ जानेवारीच का? उत्तर सातवीने शोधले: १९३० साली याच तारखेला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली होती. जुनी शपथ पुरी झाल्याचा दिवस म्हणून तो निवडला गेला. तारीखसुद्धा विचार करून ठरवता येते, ही गोष्ट मुलांना फार आवडली.

२२ डिसेंबर

रामानुजन यांची जयंती, राष्ट्रीय गणित दिवस. फळ्यावर फक्त १७२९ लिहिले. दोन घनांची बेरीज म्हणून ही संख्या दोन रीतींनी मांडा. मधल्या सुट्टीत डबे उघडे आणि वह्याही उघड्या. १२ चा घन १७२८, त्यात १. आणि १० चा घन १०००, त्यात ९ चा घन ७२९. उत्तर सापडलेल्या पोराने डबा तसाच ठेवून शाळेला फेरी मारली.

३ जानेवारी

सावित्रीबाईंचा जन्म १८३१, नायगाव. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मृत्यू. आज मुलींनी नऊवारी नेसून भाषणे केली, छान केली. त्यासोबत आठवड्यापूर्वी दिलेला प्रश्न होता: आजी कितवीपर्यंत शिकली आणि शाळा का सुटली? उत्तरे वाचून दाखवताना वर्ग गप्प होता. धाकट्या भावाला सांभाळायला. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती म्हणून. तेराव्या वर्षी लग्न. एकीने लिहिले होते, ‘आजी शाळेत गेलीच नाही, पण माझ्या वहीला कव्हर तीच घालते.’

मुलांना तारखा पाठ होतात, आणि परीक्षेपुरत्या त्या व्हायलाही हव्यात. पण थोरांच्या चरित्रातली अडचण आपल्या घरात कोणाला तरी सोसावी लागली होती, हे कळले की ते चरित्र मुलाचे स्वतःचे होते. यासाठी जयंतीइतकी चांगली संधी शाळेला दुसरी मिळत नाही. ती हारफुलांत संपवू नये, असे मला मनापासून वाटते.

६ जानेवारीला ‘दर्पण’ची आठवण: १८३२, बाळशास्त्री जांभेकर. त्या दिवशी मुले स्वतःचे भित्तिपत्रक काढणार आहेत. पहिल्या बातमीचा विषय त्यांनी ठरवून टाकला: गावातल्या कोणत्या मुलीची शाळा सध्या सुटली आहे आणि तिला परत आणायला काय करावे लागेल. दोन मुली उद्याच चौकशीला निघणार आहेत, मीही बरोबर जाणार आहे.