सर ज्यॉफ्रीच्या शेतात

मध्ययुगीन इंग्लंडचा नाद आहे, हे पवनानगरात सांगायला थोडं धाडसच लागतं. समोर तिकोना, पलीकडे तुंग, मागच्या अंगाला लोहगड आणि विसापूर. कामशेतहून येताना वाटेत बेडशाची लेणी. आणि इतिहास शिकवणारी बाई कुठल्याशा इंग्रज जमीनदाराच्या पोथीत डोकं घालून बसलेली! "आपला इतिहास संपला का हो बाई?" असं शिक्षकांच्या खोलीत मला बऱ्याचदा ऐकावं लागतं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र मला खोलीबाहेर, भातखाचरं कसणाऱ्या माणसांत मिळालं.

पोथीचं नाव लट्रेल साल्टर. लिंकनशर परगण्यातल्या अर्नम गावचा उमराव सर ज्यॉफ्री लट्रेल याने ती १३२५ ते १३४० च्या दरम्यान करवून घेतली. तीनशे नऊ चर्मपत्रं, त्यांवर लॅटिनमधली बायबलची स्तोत्रं. १९२९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने ३१,५०० पौंड मोजून ती विकत घेतली, आणि आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. पण तिची कीर्ती मजकुरापेक्षा समासांमुळे जास्त. तिथे बोकडावर स्वार झालेलं माकड आहे, चेरी चोरायला झाडावर चढलेलं पोर आहे, धड एकाचं नि शेपूट भलत्याचंच असे विचित्र जीव आहेत. आणि सलग काही पानांच्या तळाशी नांगरणीपासून धान्य घरी आणण्यापर्यंतचं अख्खं शेतीचं वर्ष रंगवलेलं आहे.

हीच पानं मी मोठ्या आकारात छापून घेतली. वर्गात मुलांनी ती पाहिली, हसली, माकडावर खूश झाली. त्यांतल्या एकीने मात्र "आमच्या तात्यांना दाखवू का?" असं विचारलं. भाताची झोडणी उरकली होती, माणसं जरा मोकळी होती. म्हणून एका संध्याकाळी चित्रांची गुंडाळी घेऊन मीच तिच्या घरी गेले. ओटीवर तात्या, तिची आजी, आई (म्हणजे वहिनी) आणि शेजारची चार माणसं जमली. मी ठरवलं होतं की माहिती सांगायची नाही. चित्र समोर ठेवायचं आणि एवढंच विचारायचं, "काय चाललंय?"

पहिलं चित्र नांगरणीचं. दोन जोड्या बैल, नांगर धरलेला एक माणूस आणि बैलांशेजारी लांब आसूड घेतलेला दुसरा. तात्यांनी चष्मा सरळ केला. "चार बैलं जुंपल्यात म्हंजी जमीन चिकण असणार. हलक्या रानाला कोण चार बैलं जुंपतंय?" मग त्यांचं बोट फाळाच्या पुढच्या उभ्या पात्यावर गेलं. ते पातं आधी माती चिरतं आणि मागून फाळ ती उचलतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मध्ययुगीन इंग्लंडच्या जड जमिनींसाठी असा भारी नांगर वापरात होता, हे मी पुस्तकांत वाचलेलं होतं. तात्यांनी ते बैल मोजून काढलं.

पुढचं पान पेरणीचं. एक माणूस टोपलीतून बी फेकत चाललाय. कुत्रं एका कावळ्याच्या मागे लागलंय, आणि तेवढ्यात दुसरा कावळा बियाण्याच्या पोत्यात चोच घालून बसलाय. सगळे हसले, पण वहिनींचं लक्ष बी फेकणाऱ्या हाताकडे होतं. "रोपाच्या वाफ्यात आम्ही असंच फोकतो," त्या म्हणाल्या. "पण हे नुसतं फोकून सोडतात? परत उपटून लावत नाहीत?" गव्हाला आणि सातूला लावणी लागत नाही, म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात आषाढातल्या चिखलात वाकून काढलेले सगळे दिवस होते.

तिसऱ्या चित्रात घोडा दातेरी चौकट ओढतोय आणि मागून येणारा माणूस कावळ्यांवर काहीतरी भिरकावतोय. मी विचारायच्या आतच शेजारचे काका म्हणाले, "गोफण!" आणि उठून हवेत हात फिरवून दाखवला. गोफणीची एक दोरी बोटात अडकवतात, दुसरी नुसती धरतात, आणि नेमक्या क्षणी ती सोडतात. चित्रकाराने तो ताण बरोबर पकडलाय, असा त्यांनी निर्वाळा दिला. पोरांनी गोफण पाहिली होती ती शिवाजी महाराजांच्या काळातल्या लढायांच्या वर्णनात. पाखरं राखायला आजोबा ती वापरायचे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग ढेकळं फोडणारं जोडपं आलं, लांब दांड्याच्या मोगऱ्या उगारलेलं. त्यामागून आकडी आणि बेचक्याची काठी घेऊन तण काढणारे आले. आणि मग कापणी. बायका विळ्याने कापतायत, आणि त्यांतली एक सरळ होऊन पाठीला हात लावून उभी आहे. इथे ओटीवरच्या बायका एकदम बोलू लागल्या. ती किती वेळ वाकली असेल, विळा कुठल्या हातात आहे, मुकादम बघत असेल तर तिला असं उभं राहू देईल का. मी या चित्रावरचे विद्वानांचे लेख वाचलेत. त्यांत कंबरदुखीवर एवढं कुणी लिहिल्याचं आठवत नाही.

आजी मघापासून गप्प होत्या. त्या माळकरी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वर लिहिलंय काय?" देवाची स्तोत्रं, दीडशे आहेत, म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. "आणि कागद असला कसा जाड?" कागद नाही, वासराचं किंवा मेंढीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, खरवडून केलेलं पान आहे, असं मी सांगितलं. त्या काळी इंग्लंडात कागद तयार होत नव्हता, तो व्हायला आणखी दीडशे वर्षं लागली. आजींनी हात मागे घेतला. "देवाचं नाव कातड्यावर?" ओटीवर शांतता. मला उत्तर सुचेना. तात्याच म्हणाले, "मग आपल्या भजनात मृदंगाला काय लावत्यात?" आजींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, पण चित्र पुन्हा पुढ्यात ओढलं.

शेवटच्या चित्रात पेंढ्यांनी भरलेली गाडी चढ चढतेय. पुढे तीन घोडे, मागून माणसं रेटतायत. मी सांगितलं की ही पोथी होण्याच्या थोडं आधी, १३१५ पासून दोनतीन वर्षं इंग्लंडात पाऊस थांबतच नव्हता. बी कुजलं, गवत वाळलं नाही, मोठा दुष्काळ पडला. पावसाने दुष्काळ पडतो हे मावळात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. कापलेलं भात खाचरात असताना पाऊस आला की काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या गाडीकडे मग सगळे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. त्या भाऱ्यांमागे भूक होती.

"पण यांचे कपडे बघा," वहिनी म्हणाल्या. "नांगरताना एवढे स्वच्छ? घाम नाही, चिखल नाही." मायकेल कमिल नावाच्या इतिहासकाराने या पोथीवर अख्खं पुस्तक लिहून साधारण हेच म्हटलं आहे. ही चित्रं म्हणजे जशीच्या तशी टिपलेली शेती नाही, आपली रयत कशी दिसावी असं धन्याला वाटतं, तशी ती रंगवलेली आहे. पोथीत एका पानावर सर ज्यॉफ्री चिलखत घालून घोड्यावर बसलाय. पत्नी आणि सून त्याला शिरस्त्राण नि ढाल देतायत. वर लॅटिनमध्ये लिहिलंय की ही पोथी त्याने करवली. नांगर धरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हे ऐकून तात्या म्हणाले, "बेडशाला तरी कुठंय?" त्यांचं खरं आहे. बेडशाच्या शिलालेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा मुलगा पुष्यणक याचं दान नोंदवलेलं आहे. ज्यांनी तो कातळ फोडला, त्यांची नावं तिथे नाहीत.

या बैठकीचा पुढचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. मुलांनी हट्ट धरला की आपल्याकडचंही असं काहीतरी वाचू. मी त्यांना एका देवळामागच्या वीरगळापाशी नेलं. शेंदूर फासलेला, अर्धा मातीत गेलेला दगड. तिथेही तोच प्रश्न, "काय चाललंय?" वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, कधी त्याने राखलेली गुरं. मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. माथ्यावर कलश, दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. महाराष्ट्रातले असे बरेच दगड शिलाहार आणि यादव काळातले, म्हणजे काही तर ज्यॉफ्रीच्या आजोबा-पणजोबांच्या वेळचे. एका मुलाने खालची गुरं शोधून काढली. एकीने तलवार कुठल्या हातात आहे ते पाहिलं. नाव मात्र याही दगडावर नव्हतं, आणि ते मुलांनी न सांगता हेरलं.

शिक्षकांच्या खोलीतल्या त्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे. परक्याचं चित्र आपण आदर बाजूला ठेवून पाहतो. त्याला शेंदूर नसतो, नवस नसतो, जयजयकार नसतो. त्यामुळे हात कुठे आहे, ओझं कुणाच्या खांद्यावर आहे, कुणाचं नाव लिहिलंय, हे विचारायची सवय लागते. ती लागली की गावातला दगडही बोलू लागतो. आणि ही सवय लावायला इंग्रजी यावं लागत नाही. विळा किंवा गोफण धरलेला हात असला तर जास्तच चांगलं.

ओटीवरचा एक वाद अजून मिटलेला नाही. तात्यांच्या मते हा चितारी शेतकऱ्याचाच पोर असणार, नाहीतर पाठीला हात लावलेली बाई त्याला दिसलीच नसती. वहिनी म्हणतात, शेतकऱ्याच्या पोराने एवढे स्वच्छ कपडे काढले नसते. मी वहिनींच्या बाजूची. तात्यांना ते कळल्यापासून माझ्या पदवीवर त्यांचा फारसा विश्वास राहिलेला नाही.