शेंदरीचं झाड

गेल्या वैशाखात वेंगुर्ल्याच्या घरापुढचा गडगा पाडून चिऱ्याचं कंपाउंड घातलं. शेंदरीचं झाड आड येत होतं म्हणून तोडलं. धाकट्या भावाने फोनवर सांगितलं तोवर त्याचा बुंधा चुलीत गेला होता. मी त्याला काही बोललो नाही. झाड कुठून आलं हे त्याला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, ती आता नाही.

ते आलं ला ग्वाइराहून. व्हेनेझुएलाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं हे बंदर. १९८७ साली आमची बोट तिथे कागदाचे रीळ उतरवायला लागली आणि जनरेटर बिघडल्यामुळे अकरा दिवस अडकली. मी थर्ड इंजिनिअर होतो, सव्वीस वर्षांचा.

डोंगर आणि समुद्र एकत्र बघायची कोकणातल्या माणसाला सवय असते. पण आपला सह्याद्री मागे हटून उभा आहे. मध्ये भात पिकतं, नदी वळणं घेत खाडीला मिळते. तिथे मध्ये काहीच नाही. बोटीवरून पाहावं तर पाण्यातूनच भिंत उठलेली. नाइग्वाता शिखर २,७६५ मीटरचं, म्हणजे कळसूबाईहून हजारावर मीटर उंच, आणि किनाऱ्यापासून दहा किलोमीटरच्या आत. खाली निवडुंगाचा कोरडा उतार, वर ढगात बुडालेलं हिरवंगार रान. ओढे त्या भिंतीवरून थेट समुद्रात उतरतात, आणि जिथे उतरतात तिथे पंख्यासारखी पसरलेली थोडी सपाटी. माकुतो, काराबायेदा ही गावं त्या सपाट्यांवर बसलेली.

राजधानी काराकास डोंगरापलीकडे, नऊशे मीटर उंचीवर. सगळा धंदा तिच्यासाठी. १७२८ साली स्थापन झालेल्या बास्क व्यापाऱ्यांच्या कंपनीने कोकोचा मक्ता घेतला. तिची लांबलचक सज्ज्यांची इमारत बंदरासमोर अजून उभी आहे. १८८३ मध्ये इंग्रजांनी डोंगरावरून रेल्वे नेली. तेलाचा पैसा आल्यावर १९५३ मध्ये तीन मोठ्या पुलांचा रस्ता झाला. (त्यातल्या पहिल्या पुलाला डोंगराचा उतार वर्षानुवर्षं ढकलत राहिला आणि १९ मार्च २००६ रोजी तो कोसळला.) तेल विकून आलेल्या पैशाचा माल या धक्क्यावर उतरायचा आणि रात्रीत घाट चढून जायचा. किनाऱ्यावरच्या माणसांना हमाली, मासेमारी आणि शनिवार-रविवारी आंघोळीला उतरणारे काराकासचे लोक, एवढंच. मी तिथे पाहिलेले भरलेले ट्रक एकजात वर तोंड करूनच उभे होते.

माकुतोला मी भूक लागली म्हणून गेलो. बोटीवरच्या कुकशी माझं बिनसलं होतं. समुद्राकडच्या रस्त्याला पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारी एम्पानादा तळत होती. तिचे हात बघत मी उभाच राहिलो. मक्याच्या पिठाचा गोळा प्लास्टिकच्या कागदावर थापायची, मधे सारण ठेवायची, कागदासकट अर्धा दुमडायची आणि वाडग्याची कड दाबून जास्तीचं पीठ कापून टाकायची. कातण नाही, पण करंजीच. आई दिवाळीत जशी कापताना ओठ दाबून धरायची तसेच हिनेही धरलेले. सारण खाल्लं आणि मला बोलता येईना. मोरी होती ती. लहान मुशीची, कांद्यात परतलेली, लालभडक. तिथे तिला कासोन म्हणतात. जवळजवळ पंधरा हजार किलोमीटरवर कोणी मला मोरी खाऊ घालील असं वाटलं नव्हतं. वर तिने एक पेला दिला, पापेलोन आणि लिंबू. पापेलोन म्हणजे आपला गूळ. उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यायचं हे तिलाही कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग मी रोज गेलो. मी तिला सेन्योरा म्हणायचो, ती मला ‘मिहो’, म्हणजे लेकरा. माझं स्पॅनिश बंदरापुरतं, तिचं दात पडल्यामुळे अर्धं हवेत जाणारं. तरी आम्ही तासन्‌तास बोललो. तिने मला आर्मांदो रेवेरोनचं घर बघून यायला लावलं. तो चित्रकार १९२१ पासून माकुतोत राहिला, दगड आणि झावळ्यांचं घर स्वतः बांधलं, गोणपाटावर चित्रं काढली, चिंध्यांच्या मोठ्या बाहुल्या केल्या. १९५४ मध्ये तो गेल्यावर पुढे त्या घराचं संग्रहालय झालं. त्याच्या चित्रांत किनारा जवळजवळ पांढराच दिसतो. ऊन इतकं की झाडाचा रंगही उरत नाही. मी परत आलो तर म्हणाली, आम्ही पोरं त्याला वेडा म्हणायचो, आणि ऊन तर खरंच तसं असतं, नाही का? हे तिने इतक्या खजील होऊन विचारलं की जणू त्या माणसाची माफी ती माझ्याकडे मागत होती.

तिची शेगडी एका दगडाला टेकून होती. बैलगाडीएवढा दगड, शेगडीकडची बाजू धुराने आणि तेलाने काळी, तुकतुकीत. तो इथे कसा, विचारलं तर तिने झाऱ्याने डोंगर दाखवला. ‘एक्कावन्न साली आला.’ १९५१ च्या पुरात ओढ्याने आणून टाकलेला. तिच्या भावांना तो हलवता आला नाही, म्हणून त्याच्या आडोशाला चूल मांडली. पाहुणा आल्यासारखं सांगत होती. पुढे मी वाचलं की निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट १७९९ मध्ये ला ग्वाइराला उतरला तेव्हा आदल्या वर्षीच्या पुराची हकीकत त्याने लिहून ठेवली होती. माकुतोची सपाटी, तिचं छप्पर, मी बसायचो तो बाक, सगळं असल्याच पुरांनी आणलेल्या मातीवर होतं. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. मला मोरी दिसत होती.

शेवटच्या दिवशी तिने तेलकट कागदात चार काटेरी बोंडं बांधून दिली. सारणाला लाल रंग देणारा ओनोतो. ‘तुझ्या आईला दे.’ आईने पाहताक्षणी ओळखलं, अरे ही शेंदरी, आणि अंगणाच्या कडेला पेरली. तीन वर्षांनी बोंडं धरली. सेन्योराला हे कळवायचं होतं. तिने पत्ता दिला होता, नव्हे, बंदरावरच्या एका कारकुनाकडून लिहवून घेतला होता. मी पत्र लिहिलं नाही. आज लिहू, पुढच्या बंदरात टाकू, असं करत बारा वर्षं गेली.

डिसेंबर १९९९ मध्ये मी रजेवर घरी होतो. पेपरात आतल्या पानावर ला ग्वाइराची चार ओळींची बातमी होती. त्या किनाऱ्यावर वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. १४ ते १६ डिसेंबरच्या बावन्न तासांत ९११ मिलिमीटर पडला. आपल्याकडचं रान असला पाऊस पाहत आलेलं आहे. तिथला उभा डोंगर आधीच्या दिवसांच्या पावसाने भिजलेला, तो सुटला. माती, झाडं, घराएवढे दगड सगळ्या ओढ्यांतून एकदम खाली आले. १५ तारखेला देशभर नव्या राज्यघटनेवर मतदान चालू होतं. कार्मेन दे उरिया नावाचं गाव पुसलं गेलं. मेलेल्यांची मोजदाद झालीच नाही. कोणी दहा हजार म्हणतं, कोणी तीस. रेवेरोनचं घरही गेलं. आई त्या दिवशी पडवीत शेंदरीची बोंडं फोडत होती, बोटं लाल. मी पेपर घडी घालून कपाटावर टाकला.

२००१ मध्ये चीफ म्हणून त्याच बंदरात गेलो. कंपनीने अर्धा दिवस दिला. तेवढ्यासाठीही भांडावं लागलं, तो राग अजून गेलेला नाही. किनारा पुढे सरकला होता. जिथे पाणी होतं तिथे गोटे पसरलेले, इमारतींचे खालचे मजले गाळात. लोक त्या रात्रीला ‘देस्लावे’ म्हणतात, धुऊन नेणं. दोघातिघांना म्हातारीबद्दल विचारलं. एम्पानादा विकणाऱ्या म्हाताऱ्या पुष्कळ होत्या. वाचलेल्यांना आतल्या प्रांतांत नेलं, असं एकाने सांगितलं. तिकडे समुद्र नाही म्हणून काही परत आले, काही नाही.

मग मी दगड शोधू लागलो. माणूस विचारून सापडेना, पण बैलगाडीएवढा, एका बाजूने काळा दगड ओळखता येईल असं वाटलं. ओढ्याच्या पात्रात दुपारभर फिरलो. तसे दगड शेकड्यांनी होते. जवळ जायचो, हात फिरवायचो, मागून वळसा घालून बघायचो. ऊन पांढरं होतं. पाच वाजता बोटीवर परतायचं होतं. सगळे दगड स्वच्छ होते, नुकते धुतल्यासारखे.