रूथची निष्ठा आणि बेने इस्राएल

हिब्रू धर्मग्रंथातील ‘रूथ’ हे अवघ्या चार अध्यायांचे पुस्तक आहे. दुष्काळामुळे बेथलेहेमहून मवाब या परक्या देशात गेलेली नामी तेथे पती व दोन्ही मुलगे गमावते, आणि तिची विधवा मवाबी सून रूथ माहेरी परतण्याचा मोकळा मार्ग सोडून, रक्ताचे नाते नसलेल्या सासूसोबत अनोळखी गावी जाते. तेथे ती सातूच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसे, वेचून दोघींचे पोट भरते. कारण गरीब, विधवा व परके यांच्यासाठी सरवा शेतातच राहू द्यावा, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. पुढे हीच परकी सून दावीद राजाची पणजी ठरते, ही या कथेतील सर्वांत धाडसी गोष्ट होय.

परकीलाही असे आपलेसे करणारी कथा याच धर्मग्रंथात असल्याने कोकणातील मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, यांचा अनुभव वेदना देतो. शतकानुशतके शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवून, त्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणवून घेत, या कुटुंबांनी पूर्वजांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, जपला. तरीही इस्राएलमध्ये 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूंच्या, आदेशाने तेथे गेलेल्या बेने इस्राएलांवर विवाहापूर्वी वंशाची चौकशी लादली गेली, आणि समाजाने दीर्घ आंदोलन केल्यावर 1964 मध्ये त्या आदेशातून त्यांचे नाव वगळले गेले.