पाटी वर्गाची असते, खोलीची नाही



तुमच्या शाळेच्या संगणकावर 'ई ड्राइव्ह' म्हणजे नक्की कोणती डिस्क, हे छातीठोकपणे सांगता येईल का? मला वाटायचं, मला येतं.

मुलांचं वाचन मी रेकॉर्ड करून ठेवते. पहिली-दुसरीचं आतल्या डिस्कवर. ती भरली, म्हणून तिसरी-चौथीचं बाहेरून जोडायच्या डिस्कवर. एक्सेलमध्ये नावांची यादी, नावावर क्लिक केलं की त्या मुलाचा आवाज. दिवाळीआधी चौथीतल्या एका मुलीची आई ऊसतोडीला निघताना शाळेत आली. गाडी फाटकाबाहेर उभी. "बाई, पोरगी वाचती का आता?" मी ऐटीत क्लिक केलं. फाईल सापडत नाही! दुसरं नाव, तिसरं नाव, सगळी चौथीच गायब. बाहेर हॉर्न वाजला. "असू द्या बाई," म्हणून ती गेली.

रेकॉर्डिंग कुठेच गेलं नव्हतं. सकाळी कुणीतरी आधी पेनड्राइव्ह लावला, त्याला 'ई' अक्षर मिळालं. मग डिस्क जोडली, तिला 'एफ'. माझी यादी मात्र 'ई'चंच दार वाजवत होती. संध्याकाळी फोनवर त्या माऊलीला ऐकवलं. पण समोर बसून ऐकणं राहिलंच.

चूक माझी होती. पत्ता लिहिताना मी खोलीचा नंबर लिहिला. शाळेत आपण असं करत नाही. हजेरीपत्रकावर 'चौथी' असतं, 'कोपऱ्यातली खोली' नसतं. पावसात खोली गळायला लागली की वर्ग दुसरीकडे बसवतो, पाटी उचलून तिकडे लावतो. हजेरीपत्रक कुणी नव्याने लिहितं का?

ही युक्ती जुनीच आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांवर १९७८ पासून व्हीएमएस ही प्रणाली होती. तिथे डिस्कचं यंत्रातलं नाव 'डीयूए१' असं काहीतरी रुक्ष असायचं. व्यवस्थापक त्याला 'युजर१' असं तार्किक नाव देऊ शकायचा आणि वापरणाऱ्यांच्या खात्यांत तेच नाव लिहायचा. लोक वाढले, डिस्क बदलली, तर फायली हलवायच्या आणि त्या नावाचा अर्थ एका जागी बदलायचा. शेकडो खात्यांना हात लावायची गरज नाही. एका नावामागे अनेक डिस्क ओळीने लावायचीही सोय होती. मात्र संगणक बंद-चालू झाला की नावं पुसली जायची, म्हणून ती सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या फाईलमध्ये लिहून ठेवावी लागत.

आपल्या विंडोजमध्ये याच्या जवळचं काम होतं. सी ड्राइव्हवर 'मुलांचं काम' फोल्डर करा, त्यात 'चौथी' नावाचा रिकामा फोल्डर. डिस्क जोडून स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. आपल्या डिस्कवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'ॲड', आणि 'माउंट इन द फॉलोइंग एम्प्टी एनटीएफएस फोल्डर' निवडून तो रिकामा फोल्डर दाखवा. झालं. आता चौथीत शिरलं की आपण थेट त्या डिस्कवर असतो, तिचं अक्षर काहीही असो. यादीतल्या लिंक मात्र एकदा नव्या पत्त्याने जोडाव्या लागतात. माझी त्यात एक अख्खी दुपार गेली. एवढा खटाटोप नको असेल तर त्याच ठिकाणी डिस्कला 'एस'सारखं शेवटाकडचं अक्षर द्या, पेनड्राइव्ह सहसा तिथवर पोचत नाही.

त्याच मेनूत 'फॉरमॅट'ही असतं, तिकडे हात जाऊ देऊ नका! डिस्कवर एखादा प्रोग्रॅम बसवलेला असेल तर जुनं अक्षर काढू-बदलू नका, तो जुन्याच अक्षरावर शोधत बसेल. आणि नाव दिलं म्हणजे दुसरी प्रत झाली असं नाही, ती वेगळी काढावीच लागते.

डिस्क जोडलेली नसेल तर फोल्डर दिसतो, पण उघडत नाही. म्हणून डिस्कवर चिकटपट्टी लावून 'चौथी' लिहिलंय. सकाळी ती जोडायचं काम त्याच मुलीने मागून घेतलंय.