उर्बिनोच्या वेदीवरील फळी

इटलीच्या मार्के प्रांतात उर्बिनो नावाचे डोंगरमाथ्यावरचे एक छोटे नगर आहे. तेथील ड्यूकच्या राजवाड्यात आज कलादालन आहे. त्या दालनात सुमारे साडेतीन मीटर लांबीची आणि जेमतेम हातभर उंचीची एक रंगवलेली लाकडी फळी आहे. पाओलो उच्चेल्लो या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने ती १४६५ ते १४६८ या काळात रंगवली. काम सांगितले होते उर्बिनोच्या कॉर्पुस दोमिनी, म्हणजे ख्रिस्तदेहाच्या, भ्रातृमंडळाने. वेदीमागच्या मोठ्या चित्राचा पाया म्हणून अशी अरुंद फळी बसवीत. इटालियन भाषेत तिला प्रेदेल्ला म्हणतात. रोमला शिकत असताना मी ती पाहिली, आणि त्यानंतर ती माझ्या मनातून गेलेली नाही.

तिच्याविषयी आताच लिहिण्याचे कारण निराळे आहे. ख्रिस्तदेहाचा सण जवळ आला की धर्मग्रामात कोणी ना कोणी पवित्र भाकरीच्या चमत्कारांचे पुस्तक घेऊन येतो. पॅरिसची १२९० सालची कथा अशा काही पुस्तकांत अजूनही आढळते. आमच्या एका धर्मशिक्षिकेने विचारले, “फादर, ही मुलांना सांगू का?” मी ‘नको’ म्हटले. उत्तर एका शब्दात देता आले, कारण मात्र तसे देता येत नाही.

उच्चेल्लोने रंगवली ती हीच कथा. प्रसंग सहा आहेत. एक गरीब स्त्री गहाण टाकलेला झगा सोडवण्यासाठी मिस्सेतील पवित्र भाकर यहुदी सावकाराला देते. तो ती आगीवर ठेवतो. भाकरीतून रक्त वाहू लागते, फरशीवरून थेट भिंतीपर्यंत जाते आणि बाहेर गाजावाजा होतो. शिपाई दार फोडत आहेत. आत सावकाराची बायको आणि दोन मुले भयभीत होऊन उभी आहेत. तिसऱ्या प्रसंगात भाकर मिरवणुकीने वेदीवर परत येते. चौथ्यात त्या स्त्रीला फाशी द्यायला नेले असता आकाशातून देवदूत उतरतो. पाचव्यात सावकाराला जाळतात. सहाव्यात त्या स्त्रीच्या मृतदेहासाठी देवदूत आणि सैतान झगडत आहेत, आणि निकाल चित्रकाराने दाखवलेला नाही.

उच्चेल्लोला यथार्थदर्शनाचे वेड होते. दुसऱ्या प्रसंगातील चौकडीची फरशी आणि छताच्या तुळया दूर जाता जाता अशा नेमक्या बारीक होत जातात की कलेचे विद्यार्थी तिथेच रेंगाळतात. मीही रेंगाळलो. परंतु पाचव्या प्रसंगाशी आल्यावर पाय थबकले. तिथे सावकार एकटा जळत नाही. त्याच्या जोडीला बायको आहे, आणि ती दोन्ही मुले आहेत. पॅरिसच्या मूळ कथेत बायको आणि मुले बाप्तिस्मा घेतात व वाचतात. उर्बिनोच्या फळीवर त्यांना ती वाट ठेवलेली नाही. पवित्र भाकर विकणाऱ्या स्त्रीसाठी देवदूत येतो. ज्यांनी काहीच केले नाही त्या मुलांसाठी कोणी येत नाही.

एक धर्मगुरू म्हणून मला आणखी एक गोष्ट छळते. त्या काळी मिस्सा वेदीकडे तोंड करून अर्पण केली जाई, आणि प्रेदेल्ला बरोबर धर्मगुरूच्या दृष्टीच्या टप्प्यात असे. ‘हे माझे शरीर आहे’ असे म्हणून भाकर उचलणाऱ्या त्या धर्मगुरूच्या समोर, किंचित उजव्या हाताला, जळणारी मुले होती. दररोज. त्यांच्या वरच्या बाजूला १४७४ च्या सुमारास गेंटच्या युस्तुस या चित्रकाराचे मोठे चित्र आले: प्रभू येशू प्रेषितांना आपल्या हाताने ख्रिस्तशरीर देत आहे. त्या चित्रातील प्रभू यहुदी, पेत्र यहुदी, योहान यहुदी. वल्हांडणाच्या सणाची बेखमीर भाकर ही त्यांच्याच घरची. ज्या घरातून ती भाकर आपल्याकडे आली त्याच घराला खाली आग लावलेली.

कथेचा पाया तपासून पाहिला तरी तो टिकत नाही. भाकरीत ख्रिस्त आहे असे जो मानतच नाही, तो तिला तव्यावर छळून काय साधणार? त्या छळामागची श्रद्धा आपली आहे. ती आपण दुसऱ्याच्या छातीत कोंबली आणि मग तिचाच गुन्हा केला. संत थॉमस अक्विनास यांनी तर आधीच शिकवले होते की भाकर मोडली तरी ख्रिस्त मोडत नाही. मोडते ते तिचे बाह्य रूप. ख्रिस्तसभेतही सारेच भोळे नव्हते. उच्चेल्लोच्या आधी थोडीच वर्षे, १४५१ साली, पोपचे प्रतिनिधी म्हणून जर्मनीत फिरणारे कार्डिनल निकोलस ऑफ क्युसा यांनी रक्ताळलेल्या भाकरी लोकांना दाखवण्यास मनाई केली होती. ती फारशी कोणी पाळली नाही, हे वेगळे.

अशा कथा चित्रात राहिल्या असत्या तर त्यांचा विचार करायला आपल्याला सवड मिळाली असती. १२९८ साली फ्रँकोनियातील र्योटिंगेन येथे असाच आरोप झाला आणि त्या उन्हाळ्यात हजारो यहुदी मारले गेले. ही आग आपल्या किनाऱ्यापर्यंतही आली, जरी निमित्त दुसरे होते. गोव्यात वैद्यकी करणारे, औषधी वनस्पतींवर १५६३ साली ग्रंथ छापणारे गार्सिया द ओर्ता यहुदी वंशाचे होते. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १५६९ मध्ये, त्यांची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने गोव्यात जाळले. १५८० मध्ये ओर्तांच्या अस्थी उकरून जाळल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले की ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. तरीही बव्हेरियातील डेगेनडॉर्फ येथे अशाच एका आरोपातून निघालेली यात्रा बंद व्हायला १९९२ साल उजाडले. सातशे वर्षांची सवय एका घोषणापत्राने सुटत नाही.

कुणी म्हणेल, मग ती फळी तळघरात टाका. मला ते पटत नाही. झाकलेल्या गोष्टीवर कथा पुन्हा उगवते. ब्रुसेल्सच्या कॅथेड्रलमधील रंगीत काचांवर १३७० सालची अशीच कथा आहे. त्या काचा कोणी फोडल्या नाहीत; १९७७ साली तिथे एक फलक बसवला गेला आणि ते आरोप पूर्वग्रहातून आले होते हे येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगितले गेले. उर्बिनोची फळीही आता वेदीवर नाही. ती कलादालनाच्या भिंतीवर आहे, आणि तिच्यासमोर उभे राहणाऱ्याच्या हातात पवित्र भाकर नसते.