हुश्श आणि होत्तो

भाषा ही मनाची दासी आहे, असे आपण म्हणतो. परंतु काही प्रसंगी या दासीला मुकेच राहावे लागते, हे मी वयाच्या दहाव्या वर्षी शिकलो.

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास आमच्या मुरुम गावची जमीन हादरली. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. किल्लारी, सास्तूर या बाजूंची घरे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेल्याचे वर्तमान सकाळी आले. माझी आत्या सास्तुरास दिलेली. बाबा सायकलीवर निघाले, ते दिवस मावळल्यावर परतले. “अक्का सुखरूप आहे,” एवढेच ते बोलले. आजीच्या ओठांवर “हुश्श” आले होते. पण बाबांचा चेहरा पाहून ते तेथेच विरले. आत्याच्या शेजारच्या घरात कोणीही उरले नव्हते.

पुढे ११ मार्च २०११ रोजी जपानात भूकंप होऊन समुद्र गावांवर चालून आला. माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त तेव्हा सेंदाई शहरी होते. दोन दिवस दूरध्वनी लागेना. तिसऱ्या दिवशी दादांचा आवाज ऐकताच बाबा मटकन खाली बसले व म्हणाले, “जीव भांड्यात पडला रे!”

दादा घरी आले तेव्हा त्यांनी जपानी बोलीची मौज सांगितली. आपल्या “हुश्श”सारखाच तेथे “होत्तो” हा शब्द; सुटलेल्या निःश्वासाचेच ते रूप. “आन्शिन” हा शब्द दोन अक्षरांनी लिहितात. एकाचा अर्थ शांती, दुसऱ्याचा हृदय. “तासुकात्ता” म्हणजे वाचलो, आणि “योकत्ता” म्हणजे बरे झाले. आपण “सुटलो”, “वाचलो” म्हणतो, तसेच हेही शब्द भूतकाळी! संकट मागे पडल्यावाचून सुटकेला वाचा फुटत नाही, हेच खरे.

दादांना पाहताच त्यांच्या वृद्ध घरमालकीणबाई “योकत्ता, योकत्ता” म्हणाल्या; आणि लगेच समुद्राच्या दिशेस वळून त्यांनी मान लवविली. ते ऐकताना मला आजीचे मिटलेले ओठ आठवले.

बालमित्रहो, सुटकेचा आनंद मानण्यात पाप नाही. मात्र शेजाऱ्याच्या दारावरून जाताना तो हलक्या पावलांनी न्यावा, एवढेच.