तळाचा रंग

होडीचा तळ सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तेव्हा त्याच्या रंगापायी कोणी पंधरा दिवस अस्वस्थ असावे, हे वाचकांस हास्यास्पद वाटेल. यंदा आमचे तसे झाले खरे.

आमची २२ फुटांची शिडाची होडी पावसाळ्यात खाडीकाठी टेकूंवर चढते आणि आश्विनात पुन्हा पाण्यात उतरते. उतरण्यापूर्वी तळ खरवडावा लागतो. त्याला वाळके शेवाळ आणि बार्नेकल चिकटलेले असतात. खडपावर अनवाणी पायांस बोचतात तेच हे पांढरे प्राणी. दिसतात शिंपल्यासारखे, पण कुळ खेकड्याचे. डार्विनने त्यांच्या अभ्यासात आठ वर्षे घालविली; आम्हांस एका सकाळीच कंटाळा आला. जुन्या रंगाची निळी भुकटी खाली साचत होती. कालवे काढावयास आलेली एक म्हातारी टोपली टेकून उभी राहिली व म्हणाली, "दादा, ह्यो निळा भुगा जातो कुठं?"

"जातो भरतीबरोबर, मावशी," आम्ही म्हणालो.

ती काही बोलली नाही. टोपली उचलून दूरच्या खडपाकडे गेली.

एरवी दुकानदार देईल तो डबा आम्ही आणला असता. परंतु त्या दिवसापासून पुस्तके उघडली. १७६१ साली इंग्रजांनी 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले, ते लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून व शेवाळापासून बचाव व्हावा म्हणून. पत्रे झिजत, म्हणून १८२४ साली हंफ्री डेव्हीने त्यांस लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ती काढली. तांबे झिजावयाचे थांबले, आणि तळावर पुन्हा बार्नेकलांची वसाहत उठली! तांबे राखते ते झिजून, पाण्यात थोडे थोडे विष सोडून. आजच्या रंगांतही बहुधा हेच तांबे असते. मध्यंतरी कथिलाच्या संयुगांचे अधिक जालीम रंग निघाले होते. त्यांनी फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरात कालवांची कवचे वेडीवाकडी केली, पिलावळ धरेनाशी झाली. तेथे १९८२ साली लहान होड्यांस ते रंग बंद झाले. जगभरच्या जहाजांसाठीचा करार २००८ साली अमलात आला.

विषाविना नुसते निसरडे राहणारे सिलिकॉनचे लेपही मिळतात. पण ते धावत्या जहाजांस मानवतात, आणि आमची होडी सातांपैकी सहा दिवस नांगरावर डुलत असते. अखेर आम्ही तांब्याचाच रंग घेतला. मात्र हळूहळू झिजणारा न घेता कठीण घेतला. त्यातूनही तांबे सुटतेच. परंतु निदान रंगाचा पापुद्रा पाण्यात जात नाही. ही तडजोड आहे, हे आम्ही जाणतो.

उरलेला तळ ताडपत्री अंथरून, ओल्या पॉलिशकागदाने घासला. प्रथम तांबडा हात दिला, वर निळे दोन. निळ्यातून तांबडे डोकावू लागले की रंग संपत आला असे समजावे. पाणी जेथे सारखे आपटते त्या नाळेवर व पाण्याच्या रेषेवर एक हात अधिक. नाकातोंडावर मुखवटा बांधून हे काम करताना घामाने जीव नकोसा झाला.

ताडपत्रीवरचा निळा गाळ वाळवून आम्ही एका डब्यात भरला. कचऱ्याच्या गाडीवाल्याने झाकण उघडून पाहिले आणि डबा परत दिला. तो अद्याप आमच्या पडवीत आहे.